पुराव्याविना देवाच्या बोलण्याला अर्थ असतो का?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांचा आहे. गावात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तिथे ते बसतात. शाळेत मात्र मुलांना सांगतात की जे तपासता येत नाही ते विज्ञानात धरायचे नाही. आठवीतल्या एका मुलीने त्यांना विचारले, "सर, मग प्रार्थनेत आपण जे म्हणतो त्याला काही अर्थच नसतो का?" ते लिहितात: "खोटे असते म्हणालो तर मनाला पटत नाही, खरे असते म्हणालो तर पुरावा कुठून आणू? आणि तिने खरे की खोटे हे विचारलेच नव्हते, अर्थ आहे का एवढेच विचारले होते."

सर, मुलीचा प्रश्न तुम्ही बरोबर ऐकला. खोट्या वाक्यालाही अर्थ असतो. 'आज अमरावतीच्या बाजारात कापसाला क्विंटलमागे एक लाख भाव निघाला' हे वाक्य खोटे आहे, पण ते कोणत्याही कास्तकाराला कळते, आणि कळते म्हणूनच त्याला खोटे म्हणता येते. अर्थ आधी, खरे-खोटे मग. तुमची विद्यार्थिनी त्या पहिल्या पायरीवर उभी राहून विचारते आहे.

माझे उत्तर आधी सांगून टाकते. निरीक्षणाचा पुरावा नसला तरी धार्मिक वाक्याला अर्थ असू शकतो. पण पुराव्यातून सूट मागणाऱ्या वाक्याला तिची किंमत मोजावी लागते: जिथे पुराव्यावाचून चालत नाही, त्या जागी त्याला बोलता येत नाही. सूट घ्यायची आणि किंमत मोजायची नाही, असा व्यवहार आपल्या भागात सर्रास चालतो आणि त्यापायी माणसांचे जीव गेले आहेत. मी अमरावती जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत आले. समोर बसलेली बहुतेक मुले शेतातून आलेली असत, त्यामुळे हा विषय मला कधी पुस्तकापुरता वाटला नाही.

व्हिएन्ना शहरात १९२० च्या दशकात मोरिट्झ श्लिक यांच्याभोवती काही विचारवंत आणि शास्त्रज्ञ जमले. त्यांनी कसोटी मांडली ती अशी: वाक्य एक तर व्याख्येने खरे असावे, जसे गणितातले, नाही तर अनुभवाने पडताळता येण्याजोगे असावे. दोन्ही नसेल तर ते निरर्थक. ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांनी १९३६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ही कसोटी इंग्रजी जगात नेली. पडताळणी आज करता आली पाहिजे असा त्यांचा हट्ट नव्हता. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला डोंगर आहेत, हे वाक्य तेव्हा कोणालाच तपासता येत नव्हते, तरी तत्त्वतः तपासता येते म्हणून अर्थपूर्ण. १९५९ मध्ये सोव्हिएत यानाने त्या बाजूची छायाचित्रे पाठवलीही. देवाविषयीची वाक्ये मात्र तत्त्वतःही तपासता येत नाहीत, म्हणून ती निरर्थक. हे वाचून आपल्याकडची काही मंडळी खूष होतात, पण एअर यांनी त्याच दमात आणखी एक गोष्ट म्हटली होती: 'देव आहे' निरर्थक असेल तर 'देव नाही' हेही तितकेच निरर्थक. त्या कसोटीने नास्तिकाच्या हाती काही लागत नाही.

कसोटी टिकली नाही. ती स्वतः व्याख्येने खरी नाही आणि कोणत्याही निरीक्षणाने तपासता येत नाही, म्हणजे स्वतःच्याच मापाने निरर्थक ठरते. सगळ्या वस्तूंना, सगळ्या काळी लागू होणारे विज्ञानाचे नियमही कधी पूर्ण पडताळता येत नाहीत. एअर यांनी १९४६ च्या आवृत्तीत दुरुस्ती केली, तर १९४९ मध्ये अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की दुरुस्त कसोटीतून जवळपास कोणतेही वाक्य आत शिरू शकते. तुम्ही वर्गात जी शिकवण देता ती तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्या जवळची आहे: जे चुकीचे ठरण्याची शक्यता नाही ते विज्ञान नाही. हे जरूर शिकवा. पण पॉपर यांनी १९३४ मध्ये ही रेघ विज्ञान कुठे संपते ते दाखवायला आखली होती, अर्थ कुठे संपतो ते दाखवायला नव्हे. मुलीच्या मनात या दोन रेघांची एकच झाली आहे. हे पहिले तिला सांगा.

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या प्राचीन ग्रंथात, कौत्स नावाच्या विचारवंताचे मत नोंदवले आहे: मंत्र निरर्थक आहेत. त्याची कारणे आजही धारदार वाटतात. एक मंत्र म्हणतो रुद्र एकच आहे, दुसरा म्हणतो रुद्र हजारो आहेत. एका विधीत वनस्पतीला म्हणतात, 'याचे रक्षण कर', आणि हत्याराला म्हणतात, 'याला इजा करू नको', आणि त्याच वेळी घाव घालतात. जे ऐकू शकत नाही त्याच्याशी बोलणे, आणि बोलतो त्याच्या उलट करणे, याला अर्थ कसा म्हणायचा? यास्काने बरीच उत्तरे दिली. त्यातले एक लोकांना पाठ असते: आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. मला ते पुरेसे वाटत नाही. ते विचारणाऱ्यालाच दोष देते. दम आहे तो दुसऱ्या उत्तरात. मंत्रातले शब्द तेच आहेत जे आपण रोजच्या बोलण्यात वापरतो, म्हणून त्यांना अर्थ आहे.

मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचे शास्त्र रचणारे, याच्याही पुढे गेले. जैमिनीच्या सूत्रांत पूर्वपक्ष, म्हणजे खोडून काढण्यासाठी आधी मांडलेला आक्षेप, असा येतो: वेद कृतीसाठी आहे, म्हणून ज्या वाक्यातून काही करायचे निघत नाही ते निरर्थक. 'वायू ही सर्वात वेगवान देवता आहे' या वाक्याने करायचे काय? सिद्धान्ताचे उत्तर असे की ते वाक्य सुटे वाचूच नका. ज्या विधीजवळ ते आले आहे त्याच्याशी मिळून ते एक वाक्य होते. त्या विधीची स्तुती करून माणसाला कृतीकडे नेणे हे त्याचे काम. हे उत्तर मी वर्गात पुन्हा पुन्हा शिकवले, कारण त्यात फार मोठी सूचना दडलेली आहे: धार्मिक वाक्य त्याच्या जागेवरून उपटून तपासणीच्या टेबलावर ठेवले, तर तपासायला जे हाती येते ते मूळ वाक्य उरतच नाही.

आता कौत्साचा आक्षेप आपल्या गावात आणू. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकतात, हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात आणि बैलाला म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बैलाला मराठी समजते याचा पुरावा कोणाकडे नाही आणि कोणी तो शोधतही नाही. तरी या वाक्यात चूक होऊ शकते, आणि त्यावरूनच अर्थाचा पत्ता लागतो. आवतन देऊन दुसऱ्या दिवशी बैल औताला जुंपला, तर गाव त्या माणसाला नाव ठेवील. त्याचे अंदाज चुकले असे कोणी म्हणणार नाही, त्याने शब्द मोडला असे म्हणतील. ज्याच्या खांद्यावर वर्षभराची डवरणी आणि वखरणी झाली त्याचे देणे लागतो, हे या वाक्याने मान्य होते. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतात तेव्हाही हेच देणे गावासमोर उघड होते. अलीकडे गावोगाव ट्रॅक्टरलाही हळदकुंकू लागते, पण ट्रॅक्टरला कोणी आवतन दिलेले माझ्या कानावर आले नाही. म्हणजे हे वाक्य कोणाला म्हणायचे, कधी म्हणायचे, म्हटल्यावर काय करायचे, याचे नियम लोकांना पक्के माहीत आहेत. जिथे चुकता येते आणि चूक ओळखता येते तिथे अर्थ असतो. मला सापडलेली यापेक्षा चांगली खूण नाही.

तत्त्वज्ञ विटगेन्श्टाईन यांच्या उत्तरकाळातल्या लेखनाचा रोख हाच आहे. पावसाच्या विधींविषयी त्यांनी केलेले निरीक्षण तर आपल्यासाठीच केल्यासारखे वाटते. आफ्रिकेतल्या 'पर्जन्यराजा'कडे लोक पाऊस मागायला जातात ते पावसाळा तोंडावर आल्यावर. कोरड्या महिन्यांत जात नाहीत. पाऊस पाडण्याचे तंत्र म्हणून ते त्याकडे बघत असते तर ऐन कोरड्या दिवसांतच गेले असते. आपल्याकडे जुलैत पावसाने दडी मारली की पोरे कडुनिंबाचा पाला बांधून "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत दारोदार फिरतात, बाया त्यांच्या अंगावर पाणी ओततात. एप्रिलमध्ये धोंडी कोणी काढत नाही. आणि ज्या घराने धोंडीवर पाणी ओतले, त्याच घरचा माणूस मोबाइलवर हवामानाचा अंदाज बघतो आणि दुबार पेरणीच्या बियाण्याची चौकशी करून येतो. धोंडी काढली म्हणून बियाण्याचा खर्च कोणी वाचवत नाही. गावाला फरक कळतो.

एवढ्यावर थांबले तर मात्र मी तुम्हाला सोपे तेवढे सांगून अवघड भाग टाळला असे होईल. अवघड भाग ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्ल्यू यांनी १९५० मध्ये समोर ठेवला. जॉन विज्डम यांची एक गोष्ट घेऊन त्यांनी ती फिरवली. रानात दोघांना एक मोकळी जागा लागते, तिथे फुलेही आहेत आणि तणही. एक म्हणतो, इथे माळी येत असणार. पहारा ठेवतात, कोणी दिसत नाही. विजेचे कुंपण घालतात, कुत्री सोडतात, काहीच हाती येत नाही. पहिला म्हणत राहतो: माळी आहे, पण तो दिसत नाही, त्याला वास नाही, त्याला झटका बसत नाही. शेवटी दुसरा विचारतो, अशा माळ्यात आणि माळी नसण्यात फरक काय उरला? फ्ल्यू यांचे म्हणणे असे की ज्या वाक्याला काहीच नाकारायचे नाही ते काहीच सांगत नाही. 'देव आपल्यावर लेकरासारखी माया करतो' म्हणायचे; लेकरू असाध्य आजाराने तडफडले तर 'त्याची माया आपल्यासारखी नसते' म्हणायचे; अशी एकेक पुस्ती जोडत गेले की मूळ वाक्य त्या पुस्त्यांखालीच मरते.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. कपाशीला लागोपाठ दोन वर्षे बोंडअळी लागलेल्या घरात बसून 'तो सगळ्यांचे बघतो' हे वाक्य ऐकले की फ्ल्यू आठवतातच. काही विद्वानांनी त्यांना उत्तर देताना देवाविषयीच्या वाक्यांतून सांगण्याचा भागच काढून टाकला. ब्रेथवेट यांनी १९५५ मध्ये म्हटले की अशी वाक्ये म्हणजे अमुक रीतीने जगण्याचा निश्चय, आणि त्याला आधार देणाऱ्या कथा. पोळ्याच्या आवतनाला हे चपखल लागू पडते. पण प्रार्थनेला बसलेल्या म्हातारीला विचारा, "माय, तू फक्त तुझा निश्चय बोलून राह्यली का?" ती म्हणेल, "नाही बाप्पा, मी त्याले सांगून राह्यली." तिच्या बोलण्यात कोणीतरी ऐकणारा आहे. तो काढून टाकला तर आपण तिचे बोलणे समजावले नाही, बदलले. मला ब्रेथवेट म्हणूनच अर्धे पटतात.

बेसिल मिचेल यांचे उत्तर मला जास्त खरे वाटते. परक्यांनी व्यापलेल्या देशातला एक क्रांतिकारक एका अनोळखी माणसाला भेटतो आणि त्याच्यावर विश्वास ठेवतो. पुढे तो अनोळखी कधी मदत करताना दिसतो, कधी शत्रूच्या पोलिसांच्या वेशात आपल्याच माणसांना पकडून देताना दिसतो. क्रांतिकारक म्हणतो, तो आपलाच आहे. पण उलट पुरावा त्याला टोचतो, तो नाकारत नाही. विश्वास ठेवणे त्याला जड जाते. मिचेल म्हणतात, ज्याला असे जड जात नाही त्याच्या विश्वासातच काही कमी आहे. आपल्या परंपरेत या जड जाण्याला फार मोठी जागा आहे. तुकोबांचे शब्द बघा: "माझे लेखी देव मेला । असो त्याला असेल ॥" हा नास्तिकाचा उद्गार नाही, ज्याने आयुष्य पणाला लावले त्याचा आहे. ज्या भाषेत देवाशी असे भांडता येते, त्या भाषेतली देवाविषयीची वाक्ये काहीतरी नाकारतात. दुःख त्यांच्या विरुद्ध जमा होते. म्हणून जो कधीच भांडत नाही, प्रत्येक आपत्तीवर तयार पुस्ती जोडतो, त्याला फ्ल्यू यांचा आक्षेप पुरता लागू पडतो, तुकोबांना नाही.

आपल्या चांदूर बाजार भागातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांकडेही (१८८१–१९१५) या दृष्टीने बघा. तान्हेपणीच दृष्टी गेलेली. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांवरही त्यांनी लिहिले, आणि स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवले. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ मध्ये. जन्माच्या दाखल्यावर लिहायचे म्हटले तर हे वाक्य दोन्ही बाजूंनी चुकते: काळही जुळत नाही, देहही पुरुषाचा. तरी विदर्भात त्यांना मानणारा कोणी या वाक्याने गोंधळत नाही. त्यांनी आयुष्यभर काय केले, कोणापुढे मान लवली, कोणत्या नात्याने लिहिले, ते या वाक्यावाचून उलगडत नाही. दाखल्याची भाषा आणि नात्याची भाषा वेगळी, हे ऐकणाऱ्यालाही कळत होते आणि बोलणाऱ्यालाही.

आता किंमत. पावसाळ्यात वावरात साप चावतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे: या चौघांच्या विषावर चालणारे औषध सरकारी रुग्णालयात मिळते आणि ते किती लवकर टोचले यावर जीव अवलंबून असतो. तिथे कोणी म्हणाले, 'मंत्राने विष उतरते', तर हे वाक्य कोणत्याही नात्याचे राहिले नाही. ते सरळ शरीराविषयीचे विधान आहे, त्याची तपासणी होऊ शकते, आणि तपासणीत ते खोटे निघते. त्याला 'श्रद्धेची भाषा वेगळी असते' ही सवलत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हाच फरक केला आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे त्याने गुन्हा ठरवले; प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हात लावला नाही. कायदा होण्याच्या कितीतरी आधी गाडगेबाबा (१८७६–१९५६) हे कीर्तनात करत होते. नवसाला आणि देवापुढच्या बकऱ्याच्या बळीला त्यांनी समोरच्या लोकांना प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून झोडपले, आणि त्याच तोंडाने 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला' म्हटले. त्यात मला विसंगती दिसत नाही. नवस हा सौदा आहे, सौद्याचा हिशेब मागता येतो. 'गोपाला' हा सौदा नव्हता.

पण सर, सर्वात जपून राहायचे ते दोन्ही बाजूंना चालणाऱ्या वाक्यापाशी. तुमच्याच जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा घरी एखादी म्हातारी विधवेच्या जवळ बसते आणि म्हणते, "मायबाई, देवाची मर्जी." तिला तिथे 'पुरावा काय' विचारणे निर्दयपणाचे तर आहेच, शिवाय ते तिचे बोलणे न समजण्यासारखेही आहे. ती कारण सांगत नाही. 'तू त्याला वावरात जाऊ दिलेस म्हणून झाले, हा हिशेब आता बंद कर. जे तुझ्या हातात नव्हते त्याचे ओझे घेऊ नको', हे ती म्हणते आहे, आणि तिच्याकडे त्यासाठी याहून चांगले वाक्य नाही. आता हेच वाक्य अंगणात खुर्ची टाकून बसलेला, औषध विकणारा किंवा चौकशीला आलेला कोणी म्हणतो. तिथे ते कारणाच्या जागी येऊन बसते. कोणती औषधे एकत्र कालवली, तोंडाला साध्या रुमालाशिवाय काही होते का, डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत फवारा अंगावर किती आला, दवाखान्यात किती उशिरा पोचले, हे विचारायच्या जागी 'देवाची मर्जी'. शब्द तेच, पण पहिल्या वेळी वाक्याला अर्थ आहे आणि दुसऱ्या वेळी ते पुरावा झाकायला वापरले आहे. जन्मावरून माणसाची पायरी ठरवताना 'पूर्वजन्मीचे कर्म' म्हटले गेले तेही याच दुसऱ्या पद्धतीने. कोणाचे पाणी अडवायचे आणि कोणाला गावाबाहेर ठेवायचे, याचे कारण म्हणून ते पुढे केले गेले, आणि पुरावा मागितला की श्रद्धेआड लपले.

म्हणून मुलीला उत्तर देताना 'श्रद्धा आणि विज्ञान ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत' एवढे सांगून सोडू नका. ते वाक्य ऐकायला बरे वाटते, पण त्याने त्या खुर्चीवर बसलेल्या माणसालाही संरक्षण मिळते. तिला सांगा की प्रार्थनेतल्या वाक्याला अर्थ आहे, आणि तो कळायला त्या वाक्यानंतर माणसे काय करतात ते बघ. तुकडोजी महाराजांनी प्रार्थनेच्या जोडीला ग्रामसफाई ठेवली ती काही सोय म्हणून नव्हे. म्हटलेले वाक्य गावात कुठे उतरते ते सगळ्यांना दिसावे म्हणून, असे मी मानते. मग तिलाच गावात ऐकलेली देवाधर्माची वाक्ये वहीत लिहून आणायला सांगा: कोण म्हणाले, कोणाला म्हणाले, कधी म्हणाले, आणि त्या वाक्याने कोणता प्रश्न बंद झाला. आठवीच्या मुलांना हे जमते. वर्गात त्या वाक्यांवर बोला, पण कोणाच्या घरचे वाक्य आहे ते उघड करू नका.

ती हुशार आहे, म्हणून पुढे विचारेलच: "ठीक आहे सर, अर्थ आहे. पण ऐकणारा खरंच आहे का?" तो दुसरा प्रश्न आहे, आणि अर्थ सिद्ध झाल्याने त्याचे उत्तर आपोआप 'हो' होत नाही. तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी १९६० मध्ये सुचवले की त्याची पडताळणी मरणानंतर होऊ शकते. तर्कात ते बसते, पण आठवीच्या मुलीच्या कामाचे नाही. मी स्वतः प्रार्थनेला बसते आणि कोणीतरी ऐकते असे धरून बसते. त्याचा पुरावा मी तिला देऊ शकत नाही, आणि तुम्हीही विज्ञानाच्या तासाला देऊ नका. ऐकणारा आहे की नाही हे तुम्ही तिच्या वतीने ठरवू नका. तुम्ही काय मानता ते तिने विचारले तर खरे सांगा.